खुंटीवरची पिशवी

४ जानेवारी

चि. चिमीस, अनेक आशीर्वाद.

पत्र हातात पडल्यावर आधी पाकीट उलटसुलट करून बघ. कड उचकटलेली किंवा पुन्हा चिकटवलेली दिसली तर लगेच कळव. आमचा पोस्टमन बदललाय, आणि हा नवा माणूस पत्र देताना नजरेला नजर देत नाही. फोनवर बोलायची सोय नाही. मला कमी ऐकू येतं म्हणून मी ओरडतो, आणि मी ओरडलो की वरची बाई गॅलरीत येऊन रिकाम्या दोरीवरचे चिमटे मोजत बसते.

मुद्द्यावर येतो. आपल्या लंबूच्या लग्नाला सहावं वर्ष लागलं. घरात पाळणा हलत नाही. त्याला विचारलं तर म्हणतो "बघू". सूनबाईला विचारलं तर म्हणते "होईल, बाबा". अगं, होईल म्हणजे कसं होईल? आपोआप काय गंज चढतो, पोरं होत नाहीत.

गेल्या महिन्यात दोघं इथं राहून गेली. तिची ती तपकिरी पिशवी आठवते? साखळीची. स्वयंपाक करताना खांद्याला, अंघोळीला जाताना हातात, झोपताना उशाशी. चिमे, घड्याळाच्या कारखान्याच्या गेटवर मी आयुष्य काढलं. ज्याच्या पिशवीत काही नसतं, तो पिशवी हलवत चालतो. ज्याच्या पिशवीत काही असतं, तो ती पोटाशी धरतो. आजकालच्या मुली मूल होऊ नये म्हणून गोळ्या घेतात, हे मला काय माहीत नाही? चष्म्याच्या दुकानात तिला सगळे मॅडम म्हणतात. मॅडमला पोर कशाला हवंय? तिनं मला दिलेल्या चष्म्यातून ओळ जरा वाकडी दिसते. तेही मुद्दाम आहे की काय, देव जाणे.

तू त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतेस. जाता-येता पिशवी उघडी दिसली तर नुसती नजर टाक. हात लावू नकोस. नजर टाकायला काय जातं?

तुझा,
दादा


११ जानेवारी

ती. दादास, सा. न.

पाकीट कोणी फोडलं नव्हतं. तू इतकी चिकटपट्टी गुंडाळली होतीस की मलाच कात्री लावावी लागली, त्यात पत्राचा एक कोपरा गेला. पण तुझी अक्कल कोपऱ्यात नव्हती, त्यामुळे फार नुकसान झालं नाही.

मी कोणाच्या पिशवीत नजर टाकणार नाही. माझ्या लग्नाच्या दिवशी तू माझ्या ट्रंकेची झडती घेतली होतीस, घरचा कंदील नेतेय की काय म्हणून. कारखान्याच्या मालकाचा पोरगा पहिल्या दिवशी कामावर आला तर त्याला गेटवर बूट काढायला लावलेस. लोक अजून हसतात. आता तुला पेन्शन आहे, गेट नाही. तेव्हा गप्प बस.

तुझा जीव खालीवर होतोय म्हणून एवढंच सांगते. दोघं मोठ्या डॉक्टरांकडे जातात. सगळ्या तपासण्या झाल्या. तिच्यात काही दोष नाही. लंबूचीही संख्या भरपूर आहे. यापुढचं त्यांचं ते सांगतील तेव्हा सांगतील. माझ्याकडून काढायला जाऊ नकोस. आणि सध्या इकडे येऊ नकोस. त्यांना जरा निवांत राहू दे.

तुझ्यासाठी कानटोपी विणलीय. कानांवर दोन पदर आहेत. नाही तरी तू कोणाचं ऐकत नाहीसच.

चिमी


१६ जानेवारी

चि. चिमीस, आ.

तुझ्या पत्रात मला हवं ते सापडलं. संख्या भरपूर आहे! मग झालं की. माल भरपूर तयार होतोय आणि ठिकाणावर पोचत नाही, म्हणजे वाटेत कोणीतरी अडवतंय. वाटेत कोण आहे, ते तूच सांग. मला तोंडानं बोलायला लावू नकोस.

आणि "सध्या येऊ नकोस" असं तू का लिहिलंस? तूही त्यांना सामील आहेस. लहानपणी साखर खाल्लीस की तू असंच आधी माझ्या अकलेवर बोलायचीस.

मी सोमवारी येतो. त्यांना सांगू नकोस. न सांगता केलेली तपासणी तीच खरी तपासणी, बाकी सगळा देखावा. कानटोपी तिथंच घेईन.

दादा


२ फेब्रुवारी

चि. चिमीस, आ.

सुखरूप पोचलो. गाडीत समोरच्या माणसानं सारखी माझ्या ट्रंकेकडे नजर लावली होती, म्हणून डोळ्याला डोळा लागला नाही.

तुझ्या घरी मुद्दामच काही बोललो नाही. आता लिहितो. चिमे, माझा संशय खरा निघाला.

दुसऱ्याच दिवशी सूनबाई अंघोळीला गेली आणि पिशवी खुर्चीवर विसरली. साखळी अर्धी उघडीच होती. आत चष्म्याचं घर, कंगवा, दुकानाच्या किल्ल्या, आणि तळाशी रुमालात गुंडाळलेल्या गोळ्या. पांढऱ्या, बारीक. अर्ध्या संपलेल्या. जी वस्तू सरळ असते तिला रुमाल लागत नाही. मी त्या काढून घेतल्या आणि साखळी होती तशी अर्धी उघडी ठेवली. आत्ता त्या माझ्या ट्रंकेत आहेत, कुलूप लावून.

मी तिला एक शब्द बोललो नाही. ही आमची गेटवरची पद्धत. मुद्देमाल आपल्या ताब्यात ठेवायचा आणि चोर कसा वागतो ते बघायचं. कशी वागली म्हणतेस? पिशवी पलंगावर उपडी केली. गादी उचलली. कपाटामागं हात घातला. स्वयंपाकघरात पाठ करून रडली. पण सासऱ्याला एकदाही विचारलं नाही, की बाबा, माझी अमुक वस्तू पाहिलीत का! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

आणि माझा लंबू बिचारा. दोघं आतल्या खोलीत काहीतरी कुजबुजली. तो म्हणत होता, "जाऊ दे गं, बाबा जाईपर्यंत राहू दे, चार दिवसांनी काय होतंय." दाराला कान लावला तेव्हा एवढंच ऐकू आलं. त्याला कळले असणार बायकोचे प्रताप, आणि माझ्यासमोर झाकतोय. पोर किती उतरलं होतं! जेवण जात नव्हतं, सारखा घाम, सोफ्यावरून उठताना हात टेकत होता. मनाला लागलं की माणूस असाच खचतो.

आता पुढं काय करायचं ते तू सांग. आधी त्याच्याशी बोलू, की तिच्या भावाला बोलावून घेऊ?

दादा


९ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र आलं त्याच सकाळी लंबू पडला.

आता बरा आहे, हे आधी लिहिते, नाही तर तू उभ्या-उभ्या कोसळशील. एका इमारतीच्या गच्चीवर लिफ्टचं मशीन दुरुस्त करत होता. वाकलेला उठला आणि डोळ्यांसमोर अंधारी आली. बरोबरच्या मिस्त्रीनं मागून कॉलर धरली. नसती धरली तर तो लिफ्टच्या खड्ड्यात, तळमजल्यापर्यंत. कॉलर फाटून मिस्त्रीच्या हातात राहिली होती. मी पाहिली.

दवाखान्यात बाटली लावली, इंजेक्शन दिलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या कोणी बंद केल्या?" त्या गोळ्या लंबूच्या होत्या, दादा. तो कित्येक महिने त्या घेत होता. तू गेल्यावर नव्या आणू म्हणत होते, ते राहूनच गेलं. त्या अशा गोळ्या आहेत की बंद करायच्या तर हळूहळू, कमी करत करत. एकदम थांबवल्या तर अंगातली शक्तीच जाते.

तुझी सून भिंतीला टेकून उभी होती. मला म्हणाली, "आत्या, माझ्या हातून हरवल्या. बसमध्ये पडल्या असतील. मी दोन दिवस बसच्या डेपोत जाऊन विचारत होते." आणि तुझं पत्र त्या वेळी माझ्या हातातल्या पर्समध्ये होतं.

मी सांगून टाकलं. तुझ्याच शब्दांत, ट्रंक आणि कुलुपासकट.

ती नुसती खाली बसली.

चिमी


१३ फेब्रुवारी

चि. चिमीस,

तार आल्यासारखं तुझं पत्र वाचलं. वरची बाई खाली येऊन विचारून गेली, काय झालं म्हणून. म्हणजे मी ओरडलो असणार.

लंबू जेवतो का? पायऱ्या चढतो का? त्याला गच्चीवर पाठवू नका म्हणावं. त्या मिस्त्रीला माझा नमस्कार सांग. कॉलर धरणारा माणूस मिळत नाही.

पण चिमे, मला अजून उलगडत नाही. गोळ्या त्याच्या, तर तिच्या पिशवीत रुमालात कशाला? त्याला आजार तरी काय आहे? मी बाप आहे, मला कोणी का नाही सांगितलं? कधी कधी वाटतं, तिला वाचवायला तुम्ही सगळे मिळून हे रचताय. मग ती कॉलर डोळ्यांसमोर येते. मी वाईट माणूस नाही. मला फक्त कळायला हवं. कळलं नाही की माझ्या डोक्यात भुंगा लागतो.

गोळ्यांच्या कुलपाची किल्ली मी कमरेला बांधली होती. आता ती टोचते.

दादा


२० फेब्रुवारी

ती. बाबांस, सा. न.

आत्यानं तुमचं पत्र दाखवलं. मी बरा आहे. जेवतो, जिने चढतो. महिनाभर मला खालच्या मजल्यांवरची कामं दिली आहेत.

तुम्हाला कळायला हवं आहे, तर लिहितो. तोंडानं मला जमलं नसतं.

मी दहावीत असताना मैदानावर जांघेत बॉल लागला होता, आठवतं? तुम्ही मला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलंत. ऑपरेशन झालं, बरा झालो, सगळे विसरलो. शरीर विसरलं नाही.

तुमच्या भाषेत सांगतो. तुमच्या कारखान्यात आतल्या बाजूला ती बारीक काट्यांची खोली होती. तिथला माल आतल्या आतच पुढं जायचा. गेटवरच्या माणसानं तो कधी पाहिलेला नसायचा. पुरुषाचं बीज जिथं तयार होतं, तिथंही अशीच भिंत असते. रक्तातले पहारेकरी आपलं कोण आणि परकं कोण हे लहानपणी शिकून घेतात. बीज तयार व्हायला लागतं ते नंतर, वयात आल्यावर. त्यामुळे पहारेकऱ्यांना ते ओळखीचं नसतं. भिंत शाबूत असली की काही बिघडत नाही. मार लागून, ऑपरेशन होऊन, कधी आतल्या आजारानं भिंतीला तडा गेला, की त्यांची नजर त्या मालावर पडते. ते म्हणतात, हा कोण? याला कधी पाहिलं नाही. चोर आहे.

मग ते त्याच्यावर जे सोडतात त्याला डॉक्टर अँटीबॉडी म्हणतात. एरवी ती रोगजंतूंना धरण्यासाठी असते. माझ्यात ती माझ्याच शुक्राणूंना चिकटते. डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. काहींच्या एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्या होत्या. काही जागच्या जागी थरथरत होते, पुढं जातच नव्हते. संख्या भरपूर, बाबा. पोचत कोणी नाही. जो पोचेल त्यालाही आत शिरता येत नाही. थोड्या प्रमाणात हे अनेकांत असतं आणि त्यांना मुलं होतात. माझ्यात प्रमाण फार आहे. बाकी तब्येत, ताकद, पुरुष म्हणून जे काही, त्याला कशालाही धक्का नाही. हे मला पटायला वर्ष गेलं. ते वर्ष तिनं काढलं.

गोळ्या त्या पहारेकऱ्यांना शांत करायला होत्या. गुण येईलच अशी खात्री डॉक्टरांनी दिली नव्हती, धोके सांगितले होते. मीच हट्ट धरला, कारण दुसऱ्या मार्गात सगळा त्रास तिला आहे. रोज इंजेक्शनं, मग भूल देऊन तिच्या पोटातून बीज काढायचं. दोष माझा आणि सुया तिला, हे मला नको होतं. आता गोळ्या कायमच्या बंद केल्यात, त्याही कमी करत करत. आता तोच मार्ग उरला. प्रयोगशाळेत माझा एक शुक्राणू बारीक सुईनं थेट तिच्या बीजात सोडतात. पोहायला नको, वाट नको, वाटेत कोणी अडवायला नको.

राहिला प्रश्न गोळ्या तिच्या पिशवीत का होत्या. तुम्ही मी शाळेत असल्यापासून माझे खिसे तपासता. लग्नानंतरही खुंटीवरच्या माझ्या शर्टाचे खिसे तुम्ही चाचपता, मला माहीत आहे. तिची पिशवी ही घरातली एकच जागा तुमच्यापासून सुरक्षित आहे असं मला वाटलं होतं.

ती बोलावेल तेव्हा या. त्याआधी नको.

लंबू


२८ फेब्रुवारी

चि. चिमीस, आ.

लंबूचं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. मला शाळा कमी असली तरी टोमणा कळतो. तो रक्तातल्या पहारेकऱ्याबद्दल लिहितो, पण कोणाला लिहितो ते मला समजलं. मी गेटवर उभा होतो तेव्हा माझ्या हातून कधी चुकीचा माणूस धरला गेला नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. कोण जाणे, जे धरले गेले त्यांना कोणी विचारलं होतं?

रात्री त्या भिंतीचा विचार करतो. त्याला खांद्यावर टाकून नेला तेव्हा तो मला म्हणत होता, "बाबा, हळू चाला." मी धावत होतो.

चिमे, ███████████████████████████

वरची ओळ खोडली आहे. वाचायचा प्रयत्न करू नकोस. शाई सांडली होती.

दादा


६ मार्च

ती. दादास, सा. न.

शाई सांडली होती म्हणे! सांडलेली शाई पट्टीनं आखल्यासारखी सरळ नसते. कागद फाटेपर्यंत खोडलंस तरी मी तो खिडकीच्या काचेवर धरला. तू लिहिलं होतंस, "प्रयोगशाळेत शंभर बाटल्या असतील, आपल्याच घरचं आहे कशावरून?"

खोडलंस म्हणून तुला उत्तर देते. खोडलं नसतंस तर पत्र परत पाठवलं असतं.

परवा मी त्यांच्याबरोबर गेले होते. लंबू बाटली घेऊन आला तेव्हा काचेच्या खिडकीत दोन मुली होत्या. एकीनं त्यालाच त्याचं नाव विचारलं, बायकोचं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. बाटलीवरची चिठ्ठी तिनं मोठ्यानं वाचली, दुसरीनं हातातल्या कागदाशी ताडून बघितली. दोघींनी सह्या केल्या. मग ती बाटली एका खणात गेली, आणि त्या खणात दुसऱ्या कोणाचं काही ठेवायचं नाही असा नियम आहे. आत जायला निघालेल्या सफाईवाल्यालाही थांबवून त्याचं ओळखपत्र पाहिलं. दादा, मला तुझीच आठवण आली. फरक एवढाच, की त्या मुली हसून विचारतात.

आता ऐक. ती रोज सकाळी दुकानात जायच्या आधी पोटात सुई टोचून घेते. स्वतःच्या हातानं. मी म्हटलं, दुखतं का गं? तर म्हणाली, "आत्या, डेपोत जाऊन गोळ्या शोधत होते ना, त्यापेक्षा कमी."

हे वाक्य तुझ्यासाठी होतं असं नाही. पण मी तुला पाठवतेय.

चिमी


१० मार्च

चि. सौ. सूनबाईस, आशीर्वाद.

तुझ्या नावानं मी हे पहिलंच पत्र लिहितो आहे. आतापर्यंत सगळं तुझ्याविषयी लिहिलं, तुला काही नाही.

सोबत गोळ्या परत पाठवतो. आता उपयोग नाही हे मला कळतं. त्या फेकून दे. पण गेटवर नियम होता. चूक आपली निघाली तर वस्तू ज्याच्या पिशवीतून काढली त्याच्याच हातात परत द्यायची, आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, हा माणूस साफ आहे. माझ्या कारकिर्दीत हे म्हणायची वेळ कधी आली नाही, म्हणून सवय नाही.

मी आमच्या जिन्यात उभा राहून वरच्या बाईला सांगितलं. म्हटलं, माझी सून साफ आहे, मी तिच्या पिशवीला हात लावला, चोर मीच. तिला आगापिछा काही माहीत नव्हता. ती म्हणाली, "आजोबा, पाणी देऊ का?"

तू डेपोत गेलीस हे चिमीनं कळवलं. त्या दिवसांत मी तुमच्या सोफ्यावर बसून तुझ्या हातचा चहा पीत होतो आणि तुझ्यावर नजर ठेवून होतो.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

तुझा सासरा

ता. क. चष्मा चांगला आहे. मीच तो वाकडा घालत होतो.


२ एप्रिल

ती. बाबांना नमस्कार.

गोळ्या मिळाल्या. दोऱ्यानं इतक्या गाठी मारल्या होत्यात की तुमच्या मुलाला पक्कड आणावी लागली.

मी तुमच्यावर रागावले होते, अजून थोडी आहे. खोटं लिहीत नाही. एखादेवेळी भांडी घासताना मध्येच राग येतो आणि मी पातेलं जोरात आपटते.

डॉक्टरांचं काम या महिन्याच्या मध्यापर्यंत उरकेल. त्यानंतर मला जड काही उचलायचं नाही, आणि हे दिवसभर कामावर. आत्याही लेकीकडे जाणार आहेत. घरात कोणीतरी माणूस असलेलं बरं.

या. पिशवी दारामागच्या खुंटीवर असते.

सून


२९ एप्रिल

चि. चिमीस, आ.

तू लेकीकडे मजेत असशील. इथं आल्यापासून पत्र लिहीन म्हणत होतो, पण हाताला काम आहे. बादल्या मी उचलतो, भाजी मी आणतो. भाजीवाला वजनात मारतो, त्याच्याशी माझं भांडण चालू आहे. तुमच्या गल्लीतला वॉचमन बसून पहारा देतो, हे तुला कधी दिसलं नाही का?

पिशवी खरंच खुंटीवर आहे. साखळी कधी लावलेली, कधी उघडी. पहिल्या दिवशी बाहेर जाताना मी भिंतीकडे तोंड करून, पिशवीकडे पाठ करून दारातून गेलो. लंबू म्हणाला, "बाबा, दार असं का ओलांडता, खेकड्यासारखं?" सूनबाई जेवायला वाढते, विचारलं तेवढं सांगते. ती मला आणि मी तिला, दोघं एकमेकांना काचेचं भांडं असल्यासारखं सांभाळत होतो.

आज सकाळची गोष्ट. लंबू कामावर गेला होता, ती मागच्या बाजूला कपडे पिळत होती. पिळू नकोस म्हटलं तर म्हणे, रुमाल आहेत, रुमालांना काय वजन? आणि दारामागे पिशवीत फोन वाजायला लागला. मला ऐकू येत नाही असं तुम्ही सगळे म्हणता, पण पिशवीतलं मला ऐकू येतं. वाजला, थांबला. पुन्हा वाजला. मी खुर्चीचे दोन्ही हात धरून बसलो. उठलो असतो तर हात कुठं गेला असता सांगता येत नाही.

ती आत आली. "बाबा, माझा फोन वाजत होता का?"

"वाजत होता."

"मग घेतला का नाहीत?"

"पिशवीत होता."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तोंडावर ओला हात ठेवला, आणि चिमे, ती हसली. अशी हसली की तिला दाराला टेकावं लागलं. "अहो बाबा, दवाखान्याचा फोन आहे. आज रक्ताचा निकाल सांगणार होते. आता इतकंही नको!"

तेवढ्यात पुन्हा वाजला. "माझे हात साबणाचे आहेत. तुम्ही काढा."

"मी?"

"नाही तर कोण, पोस्टमन?"

मी डोळे मिटले आणि पिशवीत हात घातला. पिशवीत काय काय आहे ते मला विचारू नकोस, मी पाहिलेलं नाही. आधी कंगवा हाताला लागला, मग चष्म्याचं घर, मग काहीतरी मऊ होतं ते मी लगेच सोडलं. ती म्हणत होती, "डोळे उघडा, बंद होईल तो!" शेवटी एकदाचा सापडला.

पलीकडून एक मुलगी बोलली. बारीक आवाज, पण ठाम. म्हणाली, "आपण कोण बोलताय?"

चिमे, सगळं आयुष्य मी हाच प्रश्न लोकांना विचारला. मला कोणी विचारला नव्हता. म्हटलं, "मी सासरा."

"माफ करा, निकाल आम्ही फक्त त्यांनाच सांगतो."

"अगदी बरोबर," मी म्हणालो. "मला मुळीच सांगू नका. सासरा काय, कोणीही म्हणवून घेईल."

मग मी फोन सूनबाईच्या कानाशी धरला. तिच्या कोपरांवरून पाणी माझ्या पायांवर गळत होतं. ती "हो" म्हणाली, मग "हो, तीच बोलतेय", मग जन्मतारीख सांगितली, मग नुसतं ऐकत राहिली. मी दुसरीकडे बघत होतो. फोन धरलेला हात माझा होता, आणि तिनं तिच्या साबणाच्या हातानं तो धरून ठेवला.

त्या मुलीनं काय सांगितलं ते मी तुला लिहिणार नाही. बातमी तिची आहे. लंबूलाही ती संध्याकाळी स्वतः सांगणार आहे, तोवर त्याच्याशी मी बोलायचं नाही असं माझं मीच ठरवलंय, कारण माझं तोंड मला माहीत आहे. तुलाही ती स्वतः लिहील तेव्हा लिहील. पाकिटाला चिकटपट्टी लावत नाही.

तू फक्त तुझ्या विणायच्या सुया कुठं ठेवल्यास ते शोधून ठेव. आणि लोकर मऊ घे, माझ्या कानटोपीची टोचते.

तुझा,
दादा